सांगलीची संकष्टी, नील बेटावर

"रिक्षा नको. एवढंसं तर अंतर आहे," असं म्हणत मकरंदने आईची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली आणि नील बेटाच्या धक्क्यावरून तो तरातरा चालायला लागला. मागे आम्ही तिघी: त्याची आई विमलकाकू, माझी शकुआत्या आणि मी. ऊन असं की डांबराला चपला चिकटत होत्या.

"वृंदे," शकुआत्या माझ्या कानाशी लागली, "माणूस प्रवासात कळतो म्हणतात. मला हा चेन्नईच्या स्टेशनातच कळला. तू अजून किती बघणार आहेस?"

उत्तर शोधायलाच तर मी इतक्या लांब आले होते.

स्थळ सांगलीचं होतं. मकरंद देशिंगकर, पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता. वडील नाहीत, घरात आई आणि तो. मी मिरजेला एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचं काम करत होते आणि बाबांच्या मते माझं लग्नाचं वय उलटून चाललं होतं. त्यांना मुलगा पसंत होता. मला तो वाईट वाटला नव्हता, पण 'हो' म्हणावं असंही काही दिसलं नव्हतं. मी नुसतीच 'विचार करते' म्हणत राहिले. शेवटी मकरंदनेच निरोप धाडला, की आम्ही मायलेक अंदमानला निघालोय, तुम्हीही या, सोबत घरचं मोठं माणूस घ्या, ज्याचा खर्च त्याने करायचा, आणि मग काय ते ठरवा. बाबांना हे भलतंच वाटलं. शकुआत्याला मात्र फार आवडलं, कारण डोळे मिटण्याआधी तिला सेल्युलर जेल बघायचं होतं.

बाबांनी एकच अट घातली. परतीच्या जहाजात चढण्याआधी पोर्ट ब्लेअरहून फोन करून हो की नाही ते सांगायचं. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांसाठी मंगल कार्यालयवाला त्यापुढे थांबायला तयार नव्हता.

निघायची तारीख कळली तेव्हा आत्याने कपाळावर हात मारला. ऐन पितृपंधरवडा. "आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास," ती माझ्याकडे बघत म्हणाली.

"पंधरवड्यात आपली माणसं सहलीला निघत नाहीत," मकरंदने तिला शांतपणे समजावलं, "म्हणून तर सगळं स्वस्त मिळतं, आत्या. आणि आपण बोलणी कुठे करतोय? नुसतं फिरतोय."

स्वस्तात बेट कसं बघावं हे त्याच्याकडून शिकावं. विमान नाही, चेन्नईहून सरकारी जहाज, तेही खालच्या मजल्यावरच्या बर्थवर. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायला खाजगी बोट नाही, सरकारी बोट, आणि तिच्या तिकिटासाठी उजाडताच रांगेत उभं राहायचं. हॉटेल नाही, कोणाच्या तरी घरची खोली, म्हणजे चूलही वापरायला मिळते. जेवायचं कुठे, तर जिथे रिक्षावाले जेवतात तिथे. पाणी विकत घ्यायचं नाही. काचेच्या तळाच्या बोटीत बसायचं नाही, ओहोटीला गुडघाभर पाण्यात निवांत उभं राहायचं, तेच मासे आपण होऊन पायाशी येतात. चीड याची यायची की त्याचे सगळे सल्ले खरे ठरत होते. मासे खरंच आले, निळे आणि पिवळे, आणि आत्या लहान मुलीसारखी ओरडली. पण त्याच दुपारी त्याने चौघांत तीन थाळ्या मागवल्या. "भात वाढून मिळतो," तो म्हणाला. भात वाढून मिळाला, तरी आत्याचा अपमान झाला तो झालाच. तेव्हापासून ती त्याला माझ्यापाशी 'आपला चिंगूस' म्हणायला लागली.

एकदाच त्याचा अंदाज साफ चुकला. पहिल्या संध्याकाळी पोर्ट ब्लेअरला सूर्यास्त बघायला नेतो म्हणाला, कारण सूर्यास्त फुकट असतो. आम्ही पायी पायी किनाऱ्यावर पोचलो तर काळाकुट्ट अंधार. ती बेटं पार पूर्वेला, आणि घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे आपल्याकडे लोक चार-पाचचा चहा घेत असतात तेव्हा तिथे सूर्य बुडायच्या बेतात असतो. "फुकटचा सूर्य होता, गेला," आत्या म्हणाली. विमलकाकू पोट धरून हसल्या. मकरंदही हसला, हे मी त्याच्या जमेच्या बाजूला धरलं होतं.

पण खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. काटकसर मलाही कळते. आमच्याकडे काही पैशांचा पाऊस पडत नव्हता. भीती वेगळीच होती. ज्या माणसाला प्रत्येक गोष्ट किती स्वस्तात पडते ते चटकन दिसतं, त्याला समोरचं माणूस दिसतं का? मी दमलेय, मला भूक लागलीय, मला आज उगाचच काहीतरी हवंय, हे त्याला कधी दिसेल का? हौसेला मोल नसतं म्हणतात. या घरात हौसेला जागा तरी होती का, ते मला कळत नव्हतं.

आमची खोली सुपारीच्या बागेत होती, एका बंगाली कुटुंबाच्या घराला लागून. घरमालकीण मंडलबाई, बेटावर सगळे तिला बौदी म्हणत, म्हणजे वहिनी. खोलीबाहेर पडवी, पडवीत भिंतीवर मोठं घड्याळ, आणि पलीकडे बौदीचं स्वयंपाकघर. पोचल्या पोचल्या विमलकाकू पलंगावर बसल्या. चेहरा लाल झाला होता. बौदीने पेज आणि भाजी पुढे केली तर म्हणाल्या, "मला नको. आज संकष्टी."

मकरंद बाटल्यांत पाणी भरत होता, तो तसाच थांबला. सबंध प्रवास त्याने बोटांवर मोजून आखला होता आणि नेमकी ही तिथी त्याच्या हिशेबातून निसटली होती.

"आई, गोळी घेतलीस ना सकाळी?"

"घेतली की."

"साखरेची गोळी घेऊन उपास करतात का? आणि वर एवढ्या उन्हात चाललीस. आधी सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू रिक्षा केली असतीस," काकू म्हणाल्या.

शकुआत्याने माझ्याकडे असं बघितलं, की बघ, खाण तशी माती.

काकूंची संकष्टी कडक. दिवसभर चहा आणि एखादं केळ, रात्री चंद्र बघून जेवण. ढग असले आणि चंद्र दिसला नाही तर कॅलेंडरमध्ये चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, ती झाली की मग जेवायचं. सप्टेंबरचं पान त्यांनी घरून घडी घालून आणलं होतं. वेळ होती पावणेनऊच्या सुमाराची.

दुपारी आभाळ भरून आलं ते मोकळं झालंच नाही. साडेपाचला दिवस मावळला आणि लवकरच अशी गुडुप रात्र झाली की जेवायची वेळ टळून गेली असं वाटावं. काकू खोलीत पडून होत्या. मी सहज त्यांचा हात हातात घेतला. हात गार होता आणि तळवा घामाने ओला. मी रोज अशी माणसं बघत होते.

"काकू, थोडं साखरपाणी घ्या."

"चंद्रोदयानंतर."

"तोवर चक्कर येईल तुम्हाला."

"पडलेच आहे की मी. आणखी कुठे पडणार?"

मी बाहेर येऊन मकरंदला सांगितलं, "त्यांची साखर उतरतेय. थांबण्यात अर्थ नाही." त्याने फक्त मान हलवली आणि आत गेला. बौदीच्या अंगणातला एक नारळ त्याने उचलून नेला होता. आईसमोर उकिडवा बसून त्याने तो हातात फिरवायला सुरुवात केली.

"आई, ही पृथ्वी. हे सांगली, हे नील. नील पूर्वेला. इथे सूर्य आधी उगवतो आणि चंद्रही आधी उगवतो, तासाभराने तरी. कॅलेंडरमधली वेळ आपल्याकडची आहे. इथे चंद्र आत्ता उगवतच असेल, ढगामागे आहे इतकंच."

"त्या दिवशी तुझा सूर्य चुकला," काकू डोळे न उघडता म्हणाल्या, "आणि आज मला चंद्र शिकवतोस?"

"म्हणूनच सांगतोय ना! चुकलो म्हणून तर कळलं."

"कॅलेंडर छापणारे काय वेडे आहेत?"

"ते महाराष्ट्रासाठी छापतात, आई."

"मग मी कुठली? माझा गणपती सांगलीचा, माझं व्रत सांगलीचं. सांगलीला चंद्र उगवला की मी जेवेन. तुझी पृथ्वी फिरू दे तिकडे."

यावर कोणता अभियंता काय बोलणार? शकुआत्याने मध्ये पडून पाहिलं, "विमलताई, देव काय घड्याळ लावून बसलाय का?" तर काकू म्हणाल्या, "तो नाही बसला, मी बसलेय." मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि पाय पोटाशी घेतले. दर थोड्या वेळाने विचारायच्या, "किती वाजले?" आणि वर बजावायच्या, "मला फसवू नका हं. जेवायच्या आधी मी स्वतः उठून घड्याळ बघणार आहे." जरा वेळाने त्यांचा डोळा लागला. निदान मला तसं वाटलं.

मी साखरपाण्याचा पेला घेऊन पडवीत आले आणि थबकले.

मकरंद स्टुलावर उभा होता. भिंतीवरचं घड्याळ त्याच्या हातात होतं. बौदीने खालून दोन्ही हातांनी स्टूल धरलं होतं आणि ती तोंडात पदर कोंबून हसू दाबत होती. साडेसातचे त्याने पावणेनऊ केले, घड्याळ खिळ्याला अडकवलं, आणि वळला तर समोर मी.

तो कानापर्यंत लाल झाला. चोरी सापडलेल्या माणसासारखा नाही, उघडा सापडलेल्या माणसासारखा. मी त्याच्याकडे बघत राहिले. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की घरात आणखी एक घड्याळ आहे आणि ते शकुआत्याच्या मनगटावर आहे. आत्या ही अशी बाई, की भर पंगतीत म्हणेल, "अगं बाई, माझ्यात तर पावणेआठच!"

मी खोलीत गेले. आत्या हातपाय धुवायला न्हाणीत निघाली होती.

"आत्या, घड्याळ दे इकडे, भिजेल," मी म्हणाले.

तिने काढून दिलं. ती परत येईपर्यंत मी काटे पुढे सरकवले होते. हे मी का केलं, कोणासाठी केलं, याचा विचार त्या वेळी केला नाही.

मग मकरंद आत आला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "आई, ऊठ. झाली वेळ."

काकू उठल्या. माझा हात धरून पडवीत आल्या. मान वर करून घड्याळ बघितलं, मग बाहेर येऊन पूर्वेच्या ढगांकडे तोंड करून हात जोडले. बौदीने खोबरं आणि गुळाचे लाडू आणून ठेवले होते. ती त्यांना नाडू म्हणते. काकूंनी एक फोडून बघितला. "अगं, हे तर मोदकाचंच सारण," त्या म्हणाल्या आणि त्याचाच नैवेद्य दाखवला. दोन लाडू आणि पेलाभर साखरपाणी पोटात गेल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी आली. मग वरण-भात जेवल्या, चांगल्या दोनदा घेऊन. शकुआत्याने मनगटाकडे बघून म्हटलं, "वेळ कसा जातो कळत नाही बाई इथे!" मकरंदने चमकून आधी तिच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी ताटात बघत राहिले.

जेवणं होतात तोवर बौदीचा नवरा दुकान बंद करून आला. पडवीतलं घड्याळ बघून तो बिचारा बायकोला म्हणाला, "आज बहुत देर हो गया, माफ करना." बौदी त्यालाही काही बोलली नाही.

सकाळी घड्याळ जागच्या जागी, बरोबर वेळेवर होतं. आमची बोट दुपारची होती. मकरंद तिकिटांच्या रांगेत गेला होता आणि आत्या बौदीकडून लाडवांची कृती शिकत होती. विमलकाकू मला म्हणाल्या, "चल, समुद्रावर बसू जरा." ओहोटी होती. आम्ही एका झाडाच्या आडव्या बुंध्यावर बसलो. काकूंचे पाय वाळूत होते आणि रंग एकदम ठीक होता.

"रात्री जेवण किती वाजता झालं गं आपलं?" त्यांनी विचारलं.

"पावणेनऊला," मी म्हणाले.

"हं." त्या समुद्राकडे बघत होत्या. "पावसाळ्यात आमच्याकडे चंद्र नेहमीच लवकर उगवतो. हे गेले त्या वर्षीपासून. आधी दहा मिनिटं असायचं. मला साखर निघाल्यापासून अर्धा तास झालाय. काल त्याने चांगला सव्वा तास मारला. घाबरला होता बहुतेक."

"तुम्हाला माहीत आहे?"

"आई आहे त्याची. तो स्टुलावर चढला की पायरव वेगळा होतो."

"मग तुम्ही बोलत का नाही?"

"काय बोलू? बोलले तर थांबवावं लागेल. मी ऐकणारी बाई नाही हे त्याला माहीत आहे. म्हणून तो मला विचारत नाही. आणि मी बघत नाही. दोघांचंही चाललंय."

"आणि व्रत?"

"गणपतीला दोघंही दिसतात ना," काकू म्हणाल्या. "तो काय ते बघून घेईल."

मग त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "भिंतीवरचं घड्याळ त्याने फिरवलं. ते मला ठाऊक. पण तुझ्या आत्याच्या मनगटावरचं कोणी फिरवलं?"

माझे कान तापले. तिथे खोटं बोलणं शक्यच नव्हतं.

"मी."

त्यांनी माझा हात हातात घेतला. आता त्यांचा हात उबदार होता. "तो पैशाला चिकट आहे," त्या म्हणाल्या. "मीच केलाय त्याला तसा, दुसरा इलाज नव्हता. ते जायचं नाही. तुला नको असेल तर सरळ नाही म्हण, मला राग येणार नाही. पण मला कळलंय हे त्याला कधीही सांगू नकोस. ते एक माझ्यासाठी कर."

मी हो म्हणाले.

धक्क्यावर बोटीला उशीर होता. आत्या आणि काकू सामानापाशी बसल्या होत्या. मकरंद माझ्याजवळ येऊन उभा राहिला. आत्या तिकडे काकूंना सांगत होती, की इथल्या खाऱ्या हवेने तिचं घड्याळ पुढे पळायला लागलंय. काटे मागे घ्यायचं मी साफ विसरले होते.

"ते तुम्ही केलंत," तो म्हणाला.

"हो."

"मी आईला नेहमीच असं करतो. पावसाळ्यात. म्हटलं तुम्हाला सांगितलेलं बरं, उद्या कळायला नको." तो सरळ माझ्याकडे बघत होता. "फसवणूकच आहे ती. पण ती ऐकत नाही."

"मलाही असं फसवाल?"

त्याने विचार केला. त्याच्या जागी दुसरा कोणीही लगेच 'छे' म्हणाला असता. "तुम्ही अशा उपाशी राहिलात आणि ऐकलं नाहीत," तो म्हणाला, "तर बहुतेक हो."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम. ते लपवायला मी दुसरीकडे बघितलं.

"पण एक करा," तो आवाज खाली आणून म्हणाला. "आईला कधी कळू देऊ नका. तिला फार लागेल."

मी त्यालाही हो म्हणाले.

बोटीत जागा मिळाली ती एका लांब बाकावर. एका बाजूला मकरंद, दुसऱ्या बाजूला विमलकाकू, मध्ये मी. दोघांनीही माझ्याकडून आपापला शब्द घेतलेला, आणि दोघंही कसे अगदी साधे चेहरे करून समुद्र बघत होते. तेरी भी चूप, मेरी भी चूप. त्या मायलेकांच्या मध्ये एका माणसाची जागा रिकामी होती आणि मी विचारण्याआधीच तिथे बसलेही होते. मला इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

पोर्ट ब्लेअरला उतरल्या उतरल्या टेलिफोन बूथ गाठला. मकरंदने जाता जाता सल्ला दिलाच, की संध्याकाळनंतर दर निम्मा होतो. मी ऐकलं नाही. बाबांनी पहिल्याच घंटेला फोन उचलला.

"काय ठरलं?"

"हो म्हणून कळवा," मी म्हणाले.

पलीकडे बाबांनी कोणालातरी हाक मारली आणि फोन तसाच राहिला.

बाहेर शकुआत्या काचेला नाक लावून उभी होती. मी दार उघडलं तसा तिने माझा दंड धरला.

"हो सांगितलंस? पंधरवड्यात? आणि ह्या चिंगूसाला?"

"हो."

"अगं पण का? कालपर्यंत तर तोंड वाकडं होतं तुझं. असं काय बघितलंस त्याच्यात एका रात्रीत?"

एक शब्द बोलले असते तरी काकूंना दिलेला किंवा मकरंदला दिलेला, कुठला तरी शब्द मोडला असता.

"सांगता येत नाही, आत्या."

आत्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग दंड सोडला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"सांगता येत नाही म्हणजे प्रेम बसलं गं तुझं!" ती म्हणाली आणि मिरजेला पोचल्यावर तिने ते घरोघरी सांगितलं. ती खोटं बोलत नव्हती, म्हणून मीही कधी दुरुस्ती केली नाही.